खाणीवरचा संकासूर

सन १९६६. माझं वय एकोणतीस. रास अल खैमाला डोंगराखाली दगडाची खाण होती, तिथल्या बारूदखोलीवर मी राखणदार. तेव्हा इथे यूएई हे नावही नव्हतं. दगड सुरुंगाने फोडायचा, लॉरीत भरायचा आणि धक्का बांधायला किनाऱ्यावर पाठवायचा, एवढंच आमचं काम. मी शिकलो चौथीपर्यंत, तीही पुरी नाही. पण अडीच वर्षांत माझ्या खोलीतली सुरुंगाची एक कांडी इकडची तिकडे झाली नाही. ही बढाई नाही. असली तरी खरी आहे.

गेल्या महिन्यात शारजात, मुलाच्या घरी, अल मजाजला, नातीने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "दादा, सी, सो फनी!" स्पेन देशातलं कुठलंसं डोंगरी गाव. माणसांनी अंगावर बकऱ्यांची कातडी घातलेली, डोक्याला शिंगं, तोंडावर मुखवटे, कमरेला गुरांच्या गळ्यातल्या घंटा. उड्या मारत गल्लीतून पळतायत. मी म्हटलं, "असला एक माझ्याबरोबर कामाला होता." ती म्हणाली, "नो वे, दादा." मुलगाही हसला. तेव्हाच ठरवलं, लिहूनच ठेवतो. ज्याला खोटं वाटेल त्याला वाटो.

त्याचं नाव एलादियो, त्याच स्पेन देशातला. ते कोणाच्या तोंडात बसेना, म्हणून लादू मिस्त्री. खाणीवरचा लोहार. पंचेचाळिशीचा, बुटका, मान बैलासारखी. डाव्या हाताची करंगळी अर्धीच. ती कुठे गेली विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर. बलुची मजुरांना त्याने सांगितलं, लांडग्याने खाल्ली. आमच्या आचाऱ्याला सांगितलं, बायकोने तोडली. मला म्हणाला, "विकली." एका बोटाच्या तीन गोष्टी सांगणारा माणूस. त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा तुम्हीच सांगा.

गोरा होता, पण साहेब नव्हता. साहेब लोकांच्या मेसमध्ये त्याला खुर्ची होती म्हणे, तरी हा जेवायला यायचा आमच्या भंडाऱ्याकडे. भंडारी म्हणजे आमचा आचारी, हसनचाचा. रायगडकडचा, उभा जन्म जहाजावर स्वयंपाक करून म्हातारा झालेला. लादू मिस्त्री जमिनीवर मांडी घालून बसायचा, पाठ नेहमी भिंतीला. कच्चा कांदा सफरचंदासारखा चावून खायचा. आधी पुष्कळ वर्षं मोरोक्कोत काढलेली, त्यामुळे अरबी बोलायचा, पण ती अशी की इथले अरब तोंडावर हात धरून हसायचे. आमच्याशी त्याच अरबीत हिंदी कालवून बोलायचा. काहीही विचारा, उत्तर एकच, "माफी मुश्किल, दाऊद, माफी मुश्किल." म्हणजे काही अडचण नाही. ज्याला कसलीच अडचण नाही असा माणूस घर सोडून या वाळूत कशाला येईल?

संशय घेणं हा माझा स्वभाव नव्हता, ती माझी नोकरी होती. पुढे स्वभाव झाला असेल.

त्याची एक सवय मात्र कॅम्पात सगळ्यांना ठाऊक होती. हाताला धातू लागला की तो वाजवून बघायचा. ताटली, पेला, फावडं, काहीही असो, दोन बोटांत हलकं धरायचं, नखाने टिचकी मारायची आणि कान लावायचा. बाईने नवं मडकं घेताना वाजवून बघावं तसं. एकदा माझ्या गळ्यातली बारूदखोलीची किल्लीच त्याने धरली आणि वाजवली. मी हात झटकला. "किल्लीला हात नाही लावायचा, मिस्त्री!"

"मी कुठे हात लावला? मी तिला विचारलं."

"काय विचारलं?"

"बरी आहेस का." आणि कांदा चावायला लागला.

त्याच आठवड्यात पहारीची गोष्ट झाली. सुरुंगाची भोकं पाडायच्या लांब पहारी त्याच्या भट्टीत धार लावायला यायच्या. एक पहार त्याने वाजवली आणि बाजूला फेकली. आतून चीर आहे म्हणाला. वरून पाहिलं तर पहार नवी कोरी, चकचकीत. मुकादमाने थट्टा केली, "मिस्त्रीचा कान भरला असेल, तेल घाला." पहार उचलून खाणीवर नेली. तिसऱ्या घावाला तिचे दोन तुकडे झाले आणि एक तुकडा मुकादमाच्या कानाजवळून गेला. त्या दिवसापासून मजूर त्याला मानायला लागले. मी नाही. मी विचार केला, जो माणूस लोखंडाच्या पोटातलं ओळखतो, तो कुलपाच्या पोटातलंही ओळखत असणार. बारूदखोलीला मी दुसरं कुलूप लावलं.

रमजान ईद होऊन गेली आणि त्याचं वागणं बदललं. ईदला कापलेल्या बकऱ्यांची कातडी हसनचाचा एरवी विकून टाकायचे. या वेळी सगळी लादू मिस्त्रीकडे गेली, शिंगांसकट. बदल्यात त्याने चाचांच्या सुऱ्यांना धार लावून दिली. मी चाचांना विचारलं, "एकट्या माणसाला सहा बकऱ्यांची कातडी कशाला हो?"

"थंडी वाजत असेल."

"आणि शिंगं? शिंगं काय पांघरतात?"

"दाऊद, तू बारूद सांभाळ. शिंगं माझी मी सांभाळतो."

चाचा मला उडवून लावतात म्हणजे चाचांना माहीत आहे, हे कळलं. सगळ्यांना माहीत आहे आणि फक्त मला नाही, असंही वाटायला लागलं. एकदा का असं वाटलं की माणसाला झोप येत नाही. तुम्ही बघा अनुभव घेऊन.

मग भट्टीमागे मातीचे गोळे दिसले. चिखलात गवत मळून केलेले. काही नारळाएवढे, काही भोपळ्याएवढे. ओळीने उन्हात वाळत घातलेले, आणि प्रत्येकाला वर बारीक भोक. बारूद सांभाळणाऱ्या माणसाने भोक पाडलेला गोळा बघितला तर त्याला काय वाटेल? त्या दिवसांत साहेब लोक आधीच घाबरलेले असायचे. कैरोचा रेडिओ इंग्रजांविरुद्ध आग ओकायचा, तो लागला की बंद करायला लावायचे. कुठे गाडीखाली स्फोट झाला, कुठे तेलाचा पाइप उडवला, अशा बातम्या लॉरीवाले घेऊन यायचे. खऱ्या किती, खोट्या किती, अल्ला जाणे. मी खोलीत जाऊन कांड्या मोजल्या. पुऱ्या होत्या. पुन्हा मोजल्या. पुऱ्याच. पण दारू काही कांडीतूनच येते असं थोडंच आहे.

शनिवारी तो गोळे भट्टीत घालत होता. भाता जोरात चाललेला. मी दारात उभा. बघता बघता ज्वाळा हिरवी झाली. मी आयुष्यात हिरवी आग पाहिली नव्हती. तो मात्र ती हिरवी दिसताच खूश झाला, चिमट्याने गोळा बाहेर ओढला आणि जमिनीवर लोळवायला लागला, अगदी हळू, पाळण्यातलं मूल निजवावं तसा.

"मिस्त्री, आत काय आहे?"

त्याने काळं बोट ओठांवर ठेवलं. "मंगळवार."

"मंगळवारचं काय?"

"मंगळवारी ऐकशील. सगळे ऐकतील. यल्ला, जा आता."

मंगळवारी सगळे ऐकतील! मी तिथून निघालो तो थेट बारूदखोलीची दोन्ही कुलपं ओढून बघायला. माझ्या खाणीवर स्फोट झाला तर पहिलं कोणाला धरणार? किल्ली कोणाच्या गळ्यात? आणि या किनाऱ्यावर बारूदवाल्याचं नाव एकदा खराब झालं की तो संपला.

सोमवारी संध्याकाळी मी साहेबाच्या ऑफिसात गेलो. साहेब इंग्रज. आधी हिंदुस्थानात रेल्वेवर होता, हिंदी चांगली बोलायचा, शिव्या तर आपल्याहून चांगल्या. मी गोळ्यांचं सांगितलं, मंगळवारचं सांगितलं. तो हसला. "दाऊद, मिट्टी के गोले से डरता है?" मला ते लागलं. राखणदाराला भित्रा म्हणणं म्हणजे काय! माझ्या तोंडून निघून गेलं, "साब, वो पीतल भी चुराता है."

इथे एक गोष्ट सरळ सांगतो. पितळ चोरीचं नव्हतं. जुन्या पंपाच्या मोडक्या तोट्या होत्या. साहेबाच्याच सांगण्यावरून महिन्यापूर्वी मी स्वतःच्या हाताने त्या कचऱ्याच्या ढिगावर टाकल्या होत्या. लादू मिस्त्रीने त्या ढिगातून उचलल्या, माझ्या डोळ्यांदेखत. पण माझ्या संशयाला काहीतरी आधार हवा होता आणि दुसरा माझ्याकडे नव्हता. पितळ म्हटल्यावर साहेब सरळ बसला. "कंपनी का पीतल? कल देखता हूँ."

मंगळवार उजाडला. मी बारूदखोलीसमोरून हललो नाही. दुपारी जेवणाची घंटा झाली, माणसं खाणीवरून उतरली, भंडाऱ्यापुढे ताटल्या घेऊन बसली. लादू मिस्त्री दिसत नव्हता.

आधी आवाज आला. वरून, खाणीच्या कड्यावरून. एखादं मोठं खिल्लार अंगावर चालून यावं तसा, पण गुरं चालताना घंटा मागेपुढे वाजतात, या सगळ्या एकदम वाजत होत्या. धडाम्, मग थांबायचं, पुन्हा धडाम्. माणसांचे घास हातात राहिले. आणि कड्यावर तो दिसला. पायापासून गळ्यापर्यंत केसाळ कातडी. डोक्यावर चार शिंगं. तोंडावर कातड्याचाच मुखवटा, दोन भोकांचा, दात खऱ्या बकऱ्याचे लावलेले. कमरेला रुंद पट्टा आणि पट्ट्याला अकरा घंटा. तो चालत नव्हता. दोन्ही पाय जोडून उडी मारायचा, म्हणजे अकराच्या अकरा घंटा एका ठोक्यात वाजायच्या. गोळ्यांत काय होतं ते तेव्हा कळलं. लोखंडी पत्र्याची घंटा करायची, वर पितळेचे तुकडे ठेवायचे, मातीत बांधायची आणि भट्टीत घालायची. पितळ वितळलं की ज्वाळा हिरवी होते, ते पत्र्यावर बसतं आणि घंटेला गळा येतो.

खाली आला तशी पळापळ झाली. त्याच्या हातात लाकडी पट्ट्यांची कातरीसारखी जोडणी होती. मूठ दाबली की ती चार हात लांब जायची आणि समोरच्याची टोपी उचलून आणायची. मुकादमाचं पागोटं गेलं. कोणाच्या ताटलीतली रोटी गेली. दुसऱ्या हाताने तो कमरेच्या पिशवीतून तेलातली काजळी काढायचा आणि सापडेल त्याला फासायला धावायचा. बलुची आधी घाबरले, मग पोट धरून हसायला लागले. आणि आमचे हसनचाचा डाव घेऊन उभे राहिले आणि ओरडले, "अरे, संकासूर आला रे! संकासूर!"

आम्ही रत्नागिरीकडची दहा-बारा माणसं होतो, सगळी उठली. आमच्या गावी शिमग्यात संकासूर येतो. काळे कपडे, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं, हातात सोटा. गाव हिंदूंचं म्हणा की मुसलमानांचं, संकासुराला पोरं सगळ्यांचीच भ्यायची. तो कोण आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. पण मुखवटा आहे तोवर त्याला नावाने हाक मारायची नाही. नाव घेतलं की खेळ मोडला. मी टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला सांगू. गळ्यात किल्ली असूनसुद्धा वाजवल्या.

तेवढ्यात साहेब आला, बरोबर दोन पहारेकरी.

"कौन है ये?"

ती मान, ती अर्धी करंगळी. आंधळ्यालाही कळलं असतं. मुकादमाचं पागोटं अजून त्या कातरीत लटकत होतं, तो म्हणाला, "मालूम नहीं, साब." बलुची म्हणाले, मालूम नहीं. हसनचाचा पुढे झाले. "साब, मुखवटा है तब तक इसका नाम नहीं होता. हमारे गाँव में भी ऐसा ही है."

"गाँव नहीं है ये, कंपनी है. दाऊद! तू बोल."

मी छाती पुढे काढून म्हणालो, "मालूम नहीं, साब."

साहेब माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "मालूम नहीं? कल शाम मेरे ऑफिस में कौन आया था? लादू पीतल चुराता है, मंगल को कुछ करेगा, किसने बोला?"

त्याने नाव घेतलं. मुखवट्यामागचं नाव, मी त्याला सांगितलेलं.

मुखवट्याची ती दोन भोकं माझ्याकडे वळली. तो माझ्याकडे आला, उडी न मारता. पाऊल टाकेल तशी एक एक घंटा वेगळी वाजत होती. माझ्यामागे बारूदखोलीचं दार होतं, पण पळता आलं असतं तरी मी पळालो नसतो, तो माझा स्वभाव नाही. त्याने पिशवीत हात घातला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत माझ्या तोंडावरून बोटं ओढली. जोरात नाही, हळूही नाही. मग वळला, दोन्ही पाय जोडले, आणि साहेब "स्टॉप, स्टॉप" ओरडत असताना उड्या मारत सगळ्या कॅम्पला फेरी घालून आला. फेरी पुरी झाल्यावरच त्याने मुखवटा काढला. आतलं तोंड घामाने निथळत होतं.

भट्टी तपासली. फुटलेली माती मिळाली, तोट्यांचे तुकडे मिळाले; त्या आपणच टाकायला लावल्या होत्या हे साहेबाला आठवलं नाही. साहेबाने माझ्या खोलीत येऊन कांड्या मोजल्या. पुऱ्या. मला म्हणाला, "शाबाश, दाऊद." लादू मिस्त्रीला सांगितलं, कंपनीचं पितळ चोरलं, संध्याकाळच्या पाण्याच्या टँकरने चालता हो. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. ढीग, तोट्या, माझा स्वतःचा हात, तीन वाक्यांचं काम. पण मला वाटलं, सगळ्यांसमोर मी खोटा पडणार. शाबाशकी घेऊन उभा राहिलो.

टँकर येईपर्यंत हसनचाचा भांडी घासत मला सांगत होते. माझ्याकडे बघत नव्हते. लादू मिस्त्रीच्या गावात ख्रिस्ती लोकांचे चाळीस दिवसांचे उपास सुरू व्हायच्या आधीच्या मंगळवारी, थंडी सरताना, हा खेळ असतो. जवान माणसं आता कामाला परदेशी गेली, खेळायला कोणी उरलं नाही. शिवाय तिथल्या सरकारने मुखवटा घालायलाच बंदी केली होती. शिपाई यायचे, विचारायचे हा कोण, आणि गाव सांगायचं, माहीत नाही. एका वर्षी कोणीतरी नाव सांगितलं. म्हणून तर तो गाव सोडून निघाला.

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?" मी चढ्या आवाजात विचारलं.

"तुला सांगितलं असतं तर रविवारीच साहेबाला कळलं असतं."

मला राग आला. चाचांच्या गोष्टींत मीठ नेहमी जास्तच असायचं, त्यामुळे ही किती खरी ते आजही सांगता येत नाही. मी विचारलं, "मग काजळी मलाच का फासली? बाकी कोणाला का नाही?"

"बाकीचे पळाले. तू उभा राहिलास. त्याच्या गावात सापडेल त्याला फासतात, त्याला काही अर्थ नसतो."

हे त्यांनी माझं मन राखायला सांगितलं, असा मला तेव्हाही संशय होता. अजून आहे.

टँकर पाणी उतरवून निघाला तेव्हा ऊन कलत आलं होतं. लादू मिस्त्री टाकीवर वर बसला होता. साधा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. पेटी पायाशी, पोत्यात घंटा. बलुची मजूर हात हलवत होते, त्याने सगळ्यांना सलाम केला. मुकादमाला त्याचं पागोटं वरून टाकून दिलं. मी भट्टीच्या आडोशाला उभा होतो. त्याने मला पाहिलं की नाही कोण जाणे. कांदा खात होता. रस्ता खडकाळ, टँकर हेंदकाळला की पोतं वाजायचं. वळणापलीकडे गेला तरी बराच वेळ ऐकू येत होतं.

रात्र कशी गेली ते लिहीत नाही. पहाटे फजरच्या नमाजाआधी वजू केला, हातपाय-तोंड धुतलं. तेलातली काजळी, पाण्याने थोडीच जाणार! हसनचाचा रॉकेलचा बोळा घेऊन आले. "इकडे ये, पुसतो." मी म्हटलं, "राहू दे." हजेरीची शिटी व्हायच्या आधी मी साहेबाच्या ऑफिसात गेलो. तो दाढी करत होता. मी सांगितलं, पितळ कचऱ्याचं होतं, तुमच्या हुकमाने मी स्वतः टाकलं होतं, सोमवारी मी खोटं बोललो. त्याने आरशातूनच माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पहले मुँह धो के आ." मी म्हटलं, "नहीं धोता, साब. पहले आदमी भेजो, उसको वापस लाओ," आणि तिथेच उंबऱ्यात बसून राहिलो.